टायरवरची सरळ रेघ

४ सप्टेंबर

संशय डोक्यात ठेवला की झोप उडते, कागदावर ठेवला की त्याचा पुरावा होतो. गोदामाच्या फाटकावर मी सगळी नोकरी ह्याच तत्त्वावर केली. आत येणारी पेटी असो की बाहेर जाणारी, तिच्यावर माझी खडूची खूण पडल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. लोक मला पाठीमागे काय म्हणायचे ते मला चांगलं माहीत आहे. पण माणूस निवृत्त झाला म्हणून त्याची नजर निवृत्त होत नाही. म्हणून आजपासून ही वही.

झालं असं. सकाळी कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे गेलो. हवा भरायला गेलो होतो, टायर घ्यायला नव्हे. त्याने गुडघ्यावर बसून चारी चाकांवरून हात फिरवला आणि घरात कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करून म्हणाला, "काका, चारही बदलून टाका. स्टेपनीसकट."

"का? नक्षी बघ. बोटाचं पेर आत जातंय."

"नक्षी आहे हो. रबर म्हातारं झालंय. गाडी उभी असली तरी टायरचं वय थांबत नाही." मग त्याने टायरच्या बगलेवरचे चार आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे कुठलं साल. त्याच्या म्हणण्याप्रमाणे माझे टायर अकरा वर्षांचे. "आणि ही फुटपाथच्या बाजूची बगल बघा, केवढी घासलीय. गाडी कडेला लागते का तुमची?"

माझी गाडी कडेला लागत नाही. इमारतीतले लोक गाड्या कशाही काढतात, त्यातल्याच कुणाची तरी ही कृपा असणार. आणि टायरवाल्याला टायर बदलायचे का विचारणं म्हणजे न्हाव्याला केस वाढलेत का विचारणं. हवा भरली आणि आलो.

पण एक किडा डोक्यात राहिला. नोव्हेंबरच्या मध्यावर आम्हाला कन्येकडे जायचं आहे. तिचं पहिलं बाळंतपण, जावई बोटीवर, सहा महिने येणार नाहीत. तिच्या गावाला जायचं तर मधे डोंगराचा रस्ता, वळणावळणाचा, एका बाजूला दरी. तिथे टायर दगा देऊन चालणार नाही. आणि टायरवाला दगा देतोय का हेही आधी बघायला हवं.

५ सप्टेंबर

भर दुपारी भिंग घेऊन खाली गेलो. आकडे खरेच तसे आहेत. हल्ली अंक फारच बारीक कोरतात. अकरा वर्षांपूर्वीसुद्धा हल्लीच होतं म्हणायचं. बगलेवर केसासारख्या भेगा दिसल्या. त्या काल होत्या का, की हवा भरताना त्याने काही लावलं, सांगता येत नाही.

वर आलो तर हिने चहाचा कप ठेवला होता. नेमका अशा जागी की माझा कोपर लागून सांडला. हल्ली ही वस्तू हाताच्या आड ठेवते आणि सांडलं की माझ्याकडेच बघते. लादी पुसता पुसता म्हणाली, "टायर बदला ना एकदाचे. तो म्हणतोय तर."

टायरवाला काय म्हणाला हे मी हिला सांगितलंच नव्हतं.

विचारलं तर म्हणाली, "खाली टोपीवाले भेटले, ते म्हणत होते." टोपीवाले म्हणजे तळमजल्यावरचे शेजारी. जन्मभर ट्रक चालवला, आता टोपी घालून दारात बसतात. पण त्यांना कुणी सांगितलं? पाणी कुठेतरी मुरतंय.

९ सप्टेंबर

टोपीवाल्यांना आडून आडून विचारलं. ते म्हणाले, "तपासनीस, पाच वर्षं झाली की दर वर्षी दाखवायचे. दहा झाली की नक्षी कितीही असो, काढायचे. उन्हात उभी राहणारी गाडी असेल तर त्याच्याही आधी." बोलणं टायरवाल्याशी शब्दाला शब्द जुळतं. गोदामात दोन हमालांची साक्ष अशी जुळली की मी दोघांनाही बाजूला घ्यायचो.

वर मलाच विचारतात, "डोंगरातून तुम्हीच नेणार का गाडी?"

"मग काय गाडी स्वतः जाणार?"

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

१६ सप्टेंबर

आज गंभीर प्रकार. गाडीत बसलो तर गुडघा स्टिअरिंगला आपटला. सीट पुढे सरकवलेली. आरसा खाली वळवलेला. माझ्या गाडीत माझ्या मागे कुणीतरी बसतं, आणि ते माणूस बुटकं आहे.

बुटकी माणसं आठवून पाहिली. टायरवाल्याचा पंक्चर काढणारा कारागीर बुटका आहे. धागा जुळतो. गाडी चालवून टायर झिजवायचे आणि मग झिजले म्हणून विकायचे.

किल्ली दाराजवळच्या खिळ्यावर असते. मी सकाळी फिरून वाचनालयात पेपर वाचायला जातो तेव्हा घरात फक्त ही असते, आणि ती आतल्या खोलीत शिलाई मशीनवर. मशीनच्या आवाजात घर धुऊन नेलं तरी हिला कळायचं नाही. तिला म्हटलं, "दार नीट लावत जा, कुणीतरी किल्ली नेतंय." तिने सुईत दोरा ओवता ओवता मान हलवली. वरही बघितलं नाही.

१८ सप्टेंबर

जुनी युक्ती काढली. फुटपाथच्या बाजूच्या पुढच्या टायरवर खडूची रेघ, वरून थेट खाली, आणि तशीच पुढे जमिनीवर. चाक तसूभर जरी हललं तरी दोन रेघा जुळणार नाहीत. ह्या युक्तीने एकदा अख्खा ट्रक पकडला होता. हिला मुद्दाम सांगितलं, म्हणजे तिच्या तोंडून इमारतभर होईल आणि चोराच्या कानावर जाईल.

"बरं," म्हणाली. नुसतं बरं.

२० सप्टेंबर

रेघ जागच्या जागी. आधी समाधान वाटलं. मग उकिडवा बसून बघितलं आणि अंगावर काटा आला. ही रेघ माझी नाही. माझी रेघ जाड आणि किंचित वाकडी येते, हाताची सवयच तशी. ही बारीक, सुतासारखी सरळ आणि रंगाने निळसर.

म्हणजे चोर गाडी नेतो, परत जागेवर आणून लावतो, माझी रेघ पुसतो आणि नवी काढतो. इतकी सरळ रेघ सरावाशिवाय जमत नाही. माणूस मुरलेला आहे.

हिला दाखवायला खाली आणली. ती कपडे बेतत होती, तशीच उठून आली, बोटांना निळी भुकटी. रेघेकडे बघून म्हणाली, "छान आलीय की." हिला काही म्हणजे काही समजत नाही.

२७ सप्टेंबर

हिला घेऊन बाजारात गेलो. वळणावर एक सायकलवाला फुटपाथच्या बाजूने अचानक उगवला. आधी तिथे नव्हता, शप्पथ घेऊन सांगतो. मी हिसडा दिला, चाक कडेवर चढलं आणि उतरलं. सायकलवाल्याने उलट मलाच शिव्या घातल्या. ह्या नगरपालिकेने फुटपाथ रुंद करून रस्ते खाल्ले आहेत, त्याचा हा परिणाम.

हिचा पाय मात्र मी बघितला. शेजारच्या सीटवर बसून ती जमिनीवर जोरात दाबत होती, जिथे काही नाही तिथे. म्हटलं, "अगं, तिथे ब्रेक नाही."

"माहीत आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, आपण एकदा डोळे दाखवून येऊ."

"तुला त्रास होतोय का?"

तिने खिडकीबाहेर बघितलं. तिलाच दाखवायचे असतील आणि सांगायला संकोच वाटत असेल. चौकशी करायला हवी.

१ ऑक्टोबर

वाचनालय बंद होतं, लवकर परतलो. ही फोनवर कन्येशी हळू आवाजात बोलत होती. दाराबाहेर थांबलो. थांबणं म्हणजे ऐकणं नव्हे, पण कानाला झाकण नसतं. "नाही गं, अजून नाही सांगितलं. त्यांचा जीव आहे गाडीवर, त्यांना सहन होणार नाही. तू काळजी नको करू, तोवर सगळं होईल."

आत गेलो. फोन लगेच खाली. विषय काय होता विचारलं तर म्हणाली, "दुपट्यांचं माप."

आता सगळं स्वच्छ दिसलं. गाडी विकायचा घाट घातलाय. टायर जुने म्हणून आरडाओरड, टोपीवाले मध्यस्थ, आणि तो बुटका माणूस म्हणजे गिऱ्हाईक, रोज येऊन चालवून बघतोय. मायलेकींनी मला न विचारता. माझी पोटची पोर. ह्याचं फार वाईट वाटलं, आणि ते कुणाला सांगायची सोय नाही.

४ ऑक्टोबर

टायरवाल्याची परीक्षा घेतली. म्हटलं, दाखव तुझे नवे टायर. त्याने काळाभोर चकाकणारा टायर आणून आपटला, म्हणाला, "कोरा माल." मी खिशातून भिंग काढलं. चार आकडे. कोरा माल चार वर्षांचा निघाला.

"दुकानात ठेवलेला टायर नवाच असतो, काका. रस्ता कुठे बघितलाय त्याने?"

"गाडी उभी असली तरी टायरचं वय थांबत नाही, असं कोण म्हणालं होतं?"

तो डोकं खाजवायला लागला. दुकानातली दोन गिऱ्हाइकं वळून आपापल्या टायरवरचे आकडे शोधायला लागली. इतका आनंद निवृत्तीनंतर झाला नव्हता. घरी येऊन हिला सगळं रंगवून सांगितलं आणि निकाल दिला, ह्या लबाडाचं काही ऐकायचं नाही. जुने टायर राहतील.

मला वाटलं ही कौतुक करेल. ती म्हणाली, "तो लबाड असेल, पण म्हणून आपले टायर तरुण झाले का?"

११ ऑक्टोबर

आज डाव टाकला. फिरायला निघालो असं दाखवून समोरच्या औषधाच्या दुकानाच्या आडोशाला उभा राहिलो. थोड्या वेळात माझी गाडी पार्किंगमधून बाहेर आली. शेजारच्या सीटवर टोपीवाले. चालवणारं माणूस बुटकं, मान ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट. अंगात निळं. ऊन तोंडावर होतं, चेहरा दिसला नाही.

जगात निळे कपडे पुष्कळ जणांकडे असतात.

घरी आलो तर घर बंद. बऱ्याच वेळाने ही आली, हातात पिशवी, पिशवी रिकामी. घामाघूम, पण चेहरा उजळलेला. असा चेहरा मी तिचा फार वर्षांत बघितला नव्हता. म्हटलं, "कुठे गेली होतीस?" म्हणाली, "भाजी चांगली नव्हती."

गाडी विकण्याचा प्रकार नाही हा. लिहायला लाज वाटते, पण लिहितो. टोपीवाल्यांची बायको जाऊन खूप वर्षं झाली. माणूस बोलका आहे, विनोदी आहे, ही त्यांच्या विनोदांना हसते. माझ्या विनोदांना हसत नाही. मी विनोद करत नाही हेही खरं. ह्या वयात, माझ्याच गाडीत. कुंपणच शेत खायला लागलं तर रखवालदाराने करायचं काय?

विचारणार नाही. विचारलं आणि ती हो म्हणाली तर? जाऊ दे, फिरू देत. त्या टायरांवर किती दिवस फिरतात तेच बघतो.

१४ ऑक्टोबर

रात्री उशिरा लिहितोय.

सकाळी वाचनालयात टोपीवाल्यांचा फोन आला. "तपासनीस, घाबरू नका, कुणाला लागलेलं नाही. टायर फुटला. बाहेरच्या वळणरस्त्यावर या." मी विचारलं, कोण होतं गाडीत? ते म्हणाले, "या तुम्ही आधी."

रिक्षात बसलो आणि मला पहिल्यांदा कळलं की मी कशाची वाट बघत होतो ते. मी असा कधी घाबरलो नव्हतो, गोदामाला आग लागली होती तेव्हासुद्धा नाही. ती उठून बसलेली असू दे, धड असू दे, मग टोपीवाल्यांबरोबर असू दे नाहीतर राजाबरोबर असू दे, मला चालेल, असं मी देवाला म्हणत होतो.

ती फुटपाथवर बसली होती. निळे कपडे. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. गाडी कडेवर चढून एका खांबाच्या अलीकडे थांबलेली. खांब आणि गाडी यांच्यामधून माणूस आडवा गेला असता, एवढंच अंतर. फुटपाथच्या बाजूच्या पुढच्या टायरच्या चिंध्या झालेल्या.

"मी ब्रेक जोरात नाही दाबला," ती मला बघून म्हणाली. "त्यांनी शिकवलंय, टायर फुटला की स्टिअरिंग घट्ट धरायचं आणि पाय हळू उचलायचा. मी तसंच केलं." लहान मुलं शाळेतून येऊन सांगतात तशी सांगत होती. मग रडायला लागली.

टोपीवाल्यांनी खिशातून तिचा शिकाऊ परवाना काढून माझ्या हातात दिला. न विचारता दिला. मी तपासणार हे त्यांना माहीत होतं. म्हणाले, "इतके दिवस मोकळ्या मैदानात, हळूहळू. रस्त्यावर तीन-चार दिवसांपासूनच. टायर बदलल्याशिवाय रस्ता नको म्हणत होतो, पण वहिनी म्हणाल्या दिवस कमी राहिलेत. चूक माझी. चार शिव्या द्या."

मी परवाना न तपासताच तिच्या तळव्यावर ठेवला.

टायरवाला गाडी न्यायला आला. धंदा आला म्हणून खुलायला हवा होता, पण त्याचा चेहरा पडला होता. चिंध्या चाचपून म्हणाला, "बगलेतून गेला. रबर सुकलेलं होतंच, त्यात जिथे घासलं होतं, काका, बरोब्बर तिथूनच फाटला." फुटपाथच्या बाजूने कोण घासतं हे त्याने विचारलं नाही. तो, टोपीवाले आणि ही, तिघंही दुसरीकडे बघायला लागले, आणि मला ते वळणावरचं कडेवर चढलेलं चाक आठवलं. मग त्याआधीचं एक आठवलं. मग त्याच्याही आधीचं.

घरी आल्यावर तिने चहा केला. कप अगदी माझ्या समोर, मधोमध ठेवला.

"तुम्हाला डाव्या बाजूचं दिसत नाही," ती म्हणाली. "वर्षभर बघतेय. दाराची चौकट लागते, कप लागतो. सायकलवाला मला कोपऱ्यापासून दिसत होता."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुरावा मागितला असता. आणि पुरावा म्हणजे काय, कुणीतरी चाकाखाली यायला हवं होतं? म्हटलं आपणच शिकावं. डोंगरात मी चालवीन, तुम्ही शेजारी बसाल, तेव्हाचं तेव्हा बघू."

मी कप दोन्ही हातांनी धरला. शेवटी विचारलं, "ती रेघ तू काढलीस?"

"शिलाईच्या खडूने."

"निदान वाकडी काढायची."

"प्रयत्न केला. हात ऐकेना," ती म्हणाली. एवढ्या सगळ्यात तिला हसू आलं.

ती झोपल्यावर मागची पानं वाचली. तीन दिवसांपूर्वीची शेवटची ओळ खोडायला पेन उचललं. मग तशीच ठेवली. ती मीच लिहिली आहे, आणि तो टायर बदलायचा नाही हा निकालही मीच दिला होता.

१७ ऑक्टोबर

डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे गेलो. एका पेटीत हनुवटी टेकवायची, एकेक डोळा झाकायचा आणि आत बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. उजव्या डोळ्याला पुष्कळ दिवे दिसले. फुटपाथच्या बाजूच्या डोळ्याला अधूनमधून एखादा. मी डॉक्टरबाईंना स्पष्ट सांगितलं की यंत्र बिघडलंय, दिवे लागतच नाहीत.

त्या रागावल्या नाहीत. हिला म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा." खोलीत अंधार होता, मी भिंतीशी स्टुलावर बसलो. ही पेटीत डोकं घालून बसली आणि बटण दाबायला लागली. टक. टक टक. टक. थांबेचना. इतके दिवे होते तिथे. मी नुसता ऐकत बसलो.

काचबिंदू आहे. वरून डोळा चांगला दिसतो, आतली नस वाळत जाते. दुसरा डोळा सांभाळून घेतो म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. गेलं ते परत येत नाही, उरलेलं थेंबांनी राखायचं. गाडी चालवायची नाही. डॉक्टरबाईंनी वर्षातून एकदा तरी तपासायला हवं होतं असं सांगितलं, तेव्हा हिने माझ्याकडे बघितलं आणि मी थेंबांची बाटली बघत राहिलो. बाटलीवर तारीख होती. ताजी होती.

२६ ऑक्टोबर

टायर घेतले. हिला बरोबर नेलं, कारण आकडे वाचायला धड डोळे हवेत. टायरवाला एकेक टायर आणून उभा करायचा, ही वाकून आकडे वाचायची आणि मी हो किंवा नाही म्हणायचो. एक परत पाठवला. तो म्हणाला, "काका, फक्त दीड वर्षाचा आहे." म्हटलं, "बाळ जन्माला यायचंय अजून, त्याच्यासाठी दीड वर्ष थोरलं झालं." कुरकुर करत आतून दुसरा काढला. स्टेपनीही बदलली. जाताना हिला म्हणाला, "काकू, तुम्ही त्या दिवशी गाडी छान सांभाळलीत." मला पूर्वी असं कुणी म्हणालं नव्हतं. मी कधी सांभाळलीही नव्हती म्हणा.

टोपीवाल्यांना घरी चहाला बोलावलं. त्यांच्याबद्दल मी काय लिहिलंय ते त्यांना माहीत नाही, त्यामुळे माफी कशाची मागायची हा प्रश्न होता. शेवटी दोनदा साखर विचारली. ते विनोद सांगत राहिले. एकाला मी हसलो.

८ नोव्हेंबर

ही परीक्षा पास झाली. पक्का परवाना. मी दोन्ही बाजूंनी तपासला, तारीख, सही, शिक्का. कन्येला फोन लावला तर ती रडायला लागली, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही रागावला नाहीत ना?" म्हटलं, रागावलोय, पण कुणावर ते अजून सापडलेलं नाही.

१३ नोव्हेंबर

डोंगराच्या माथ्यावर थांबलो आहोत. ही खाली उतरून चारी टायरांना हात लावून बघतेय, गरम झालेत का. मी गाडीतच बसून लिहितोय.

निघताना फुटपाथच्या बाजूच्या टायरवर मी खडूची रेघ काढली होती. उगाच. पहिल्याच वळणाला चाकाबरोबर फिरून गेली असेल. काढताना तिने बघितली, वाकडी आलीय म्हणाली नाही.

गाडी बरी चालवते. वळणाआधी हॉर्न देते, उतारावर घाई करत नाही, पण ब्रेक माझ्या मते किंचित उशिरा लावते. हे फक्त इथे लिहितोय. माझ्या खिडकीबाहेर दरी आहे म्हणतात, मला त्या बाजूला नुसता उजेड कळतो. दुसऱ्या बाजूला ही आहे, ती मला स्वच्छ दिसते. मान ताठ, दोन्ही हात स्टिअरिंगला घट्ट. औषधाच्या दुकानाआडून मी हिलाच बघितलं होतं, आणि हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

मघाशी एका अवघड वळणावर समोरून ट्रक आला. तिने गाडी बाजूला घेतली आणि शांतपणे थांबवली. ट्रक गेल्यावर तिने माझ्या पायाकडे बघितलं. तो समोरच्या फळीवर इतका जोरात रोवलेला होता की पोटरीत गोळा आला होता.

"अहो, तिथे ब्रेक नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"मीही वर्षभर तिथेच दाबत होते," ती म्हणाली, आणि गियर टाकून पुढे निघाली.